प्रश्नावली घेऊन आलेली माणसं

१९५६ सालच्या फेब्रुवारीत उत्तर सातारा जिल्ह्यातल्या काही गावांत संध्याकाळी लोक रेडिओसमोर जमू लागले. पुण्याचं आकाशवाणी केंद्र सुरू होऊन तेव्हा सव्वादोन वर्षंच झाली होती. रेडिओ ही चैनीची वस्तू होती आणि गावात तो असलाच तर एखाद्या वाड्यात असायचा. आता तो सगळ्यांसाठी ठेवला गेला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. समोर वीसेक माणसं. त्यांतली काही लिहिता-वाचता येणारी, काही न येणारी. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलं त्यावर बोलायचं. काय बोलणं झालं ते चिटणीसानं कागदावर उतरवून पुण्याला पाठवायचं. लोकांना पडलेले प्रश्न तिथं पोचायचे आणि त्यांतल्या काहींची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत मिळायची.

पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच मराठी जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं या प्रयोगात होती. युनेस्को आणि आकाशवाणीनं मिळून तो केला. प्रयोगाचं मोजमाप मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं आणि त्याची सूत्रं पॉल नॉयराट या समाजशास्त्रज्ञाच्या हाती होती. नॉयराट मूळचे व्हिएन्नाचे. हिटलरच्या डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या छळछावण्यांतून सुटून ते अमेरिकेला पोचले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टर झाले. तिथं पॉल लाझार्सफेल्ड निवडणुकांचा आणि माध्यमांचा अभ्यास करत होते. माध्यमातून आलेली गोष्ट थेट माणसाच्या डोक्यात शिरत नाही, ओळखीतला कुणी जाणता माणूस ती आधी ऐकतो आणि त्याच्यामार्फत ती बाकीच्यांपर्यंत जाते, असा त्यांचा सिद्धान्त होता. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका परगण्यात १९४० साली केलेल्या पाहणीतून तो निघाला आणि १९४४ साली पुस्तकरूपानं आला. आजही संज्ञापनशास्त्राच्या कुठल्याही अभ्यासक्रमात तो पहिल्या महिन्यातच शिकवतात.

नॉयराट यांची मांडणी साधी आणि चोख होती. काही गावांत रेडिओही होता आणि चर्चामंडळही. काही गावांत रेडिओ होता, मंडळ नव्हतं. काही गावांत रेडिओच नव्हता. तिन्ही प्रकारच्या गावांतल्या लोकांना प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतर तेच प्रश्न विचारायचे. मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती भराभर वाढलेली आढळली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. शिवाय मंडळं नुसती ऐकत बसली नाहीत, ती ठराव करू लागली, कामं काढू लागली. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि नॉयराट यांचा अहवाल युनेस्कोनं १९५९ साली छापला. माथुर म्हणजे हिंदीत ‘कोणार्क’ लिहिणारे नाटककार. नाटककारानं सरकारी अहवाल लिहावा ही आपल्याकडची जुनी चाल, पण हा अहवाल वाचवतो. एव्हरेट रॉजर्स यांच्या जगभर चालणाऱ्या पाठ्यपुस्तकात त्याची दखल आहे. घाना असो की ब्राझील, तिथल्या विद्यार्थ्यानं रेडिओ आणि खेडं हा विषय घेतला, तर या मराठी चावड्यांशी त्याची गाठ पडते. साताऱ्यातल्या विद्यार्थ्याची पडते का, हा या लेखाचा विषय आहे.

माझ्या पाहण्यात तरी फारशी पडत नाही.

सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे. विद्यापीठ १९६२ सालचं. साताऱ्यात आता रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांचं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही झालंय. पण माध्यमं किंवा संज्ञापन या विषयात पीएच.डी. करायची म्हटलं की या भागातल्या मुलांची पहिली वणवण होते ती गाईडसाठी. नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. विषय छोटा, मान्यताप्राप्त मार्गदर्शक मोजके, जागा भरलेल्या. मग कुणी मराठी विभागातून ‘वृत्तपत्रीय लेखना’वर करतं, कुणी समाजशास्त्रात घुसतं, कुणी राज्यशास्त्रात. यात वाईट काही नाही. वाईट हे, की विषय बऱ्याचदा विद्यार्थ्याच्या कुतूहलावर ठरत नाही, तो रिकाम्या जागेवर ठरतो.

बाकीची वाट आता सगळ्यांना पाठ आहे. नेट किंवा पेट द्या. नेटमध्ये आमचा विषय ६३ क्रमांकाचा. मग मुलाखत, मग किमान बारा श्रेयांकांचं कोर्सवर्क, मग सिनॉप्सिस, संशोधन सल्लागार समितीपुढं सहामाही हजेरी, प्रबंध, वाङ्मयचौर्याची तपासणी आणि शेवटी व्हायवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणी झाली तर आणखी दोन. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना यावर दोन वर्षांची सवलत. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती याच नियमांनी काढली. पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा त्यामुळे थोडा बसला, हे चांगलंच झालं.

पैशाची बाजू वेगळी सांगायला हवी. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती म्हणजे जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये, दोन वर्षांनी ४२ हजार. ती मिळते थोड्यांना. बाकीच्यांची भिस्त सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांवर आणि तिथं यादी लागण्यापासून हप्ता पडण्यापर्यंत सगळ्यासाठी आंदोलनं होत आली आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथीच्या शिष्यवृत्तीवरून प्रश्न निघाला, तेव्हा उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला आणि राज्यभर गदारोळ झाला. त्याच वर्षीच्या जुलैपासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नव्हती, नेट किंवा सेट पुरेशी ठरली होती. म्हणजे नोकरीसाठी ती लागत नाही आणि नोकरी नाही म्हणून मुलं ती करतात, असा हा उलटा हिशेब आहे. तासिका तत्त्वावर सकाळचे दोन तास घ्यायचे, दुपारी एखाद्या क्लासला शिकवायचं आणि रविवारी प्रश्नावल्या भरून आणायच्या, असं जगणारी तिशीची पोरं विट्यात, कराडात, इस्लामपुरात कितीतरी भेटतील. त्यांना दिव्यांचं विचारण्याआधी तेलाचं कुणीतरी विचारायला हवं होतं.

अशाच एका मुलीबरोबर मी माण तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. ती सांगली जिल्ह्यातली. तिच्या सिनॉप्सिसचं शीर्षक मोठं होतं. जिल्ह्याचं नाव, ‘ग्रामीण महिला’, ‘समाजमाध्यमे’, ‘परिणाम’ हे सगळे शब्द त्यात होते आणि शेवटी विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके देऊन ‘एक चिकित्सक अभ्यास’. मराठीत चिकित्सक नसलेला प्रबंध निदान शीर्षकावरून तरी सापडायचा नाही. तिच्या हातात आठ पानी प्रश्नावली होती. प्रत्येक विधानापुढं पाच रकाने : पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. ही मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली अमेरिकेत बनवली. माणमधल्या पडवीत बसलेल्या बाईंना मुलीनं विधान वाचून दाखवलं, ‘समाजमाध्यमांमुळे माझ्या निर्णयक्षमतेत वाढ झाली आहे.’

बाई म्हणाल्या, ‘‘म्हंजी?’’

मुलीनं सोपं करून सांगितलं. मोबाइलवर बघून तुम्ही काही ठरवता का?

‘‘फोन धाकट्याचा हाय. त्यो कामावर जाताना घिऊन जातोय. रात्री सुनंकडं असतोय. ती बघती आन् सांगती, आत्याबाई, अमक्याची शेळी एवढ्याला गेली. मग मी ठरवती आपली कवा काढायची.’’

‘‘मग यात काय लिहू? सहमत?’’

‘‘मधलं लिव्ह. कुणाला वाईट नगं वाटाय.’’

मुलीनं ‘तटस्थ’वर खूण केली आणि पुढच्या विधानाकडे वळली. मी मात्र तिथंच अडकलो. फोन एकाचा, वाचणारी दुसरी, ठरवणारी तिसरी. सुनेनं कुठली बातमी सासूला सांगायची आणि कुठली नाही, हा तर आणखी वेगळा विषय. लाझार्सफेल्डनी आयुष्य ज्याच्यावर घालवलं ते समोर पडवीत घडत होतं, चार वाक्यांत सांगून झालं होतं आणि फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. प्रश्नावलीत ‘आपणाकडे स्मार्टफोन आहे का? होय / नाही’ एवढंच होतं. परत येताना एस.टी.त मी तिला हे म्हटलं. ती म्हणाली, ‘‘सर, ते मलाही कळतंय. पण ही प्रश्नावली तयार मिळालीय. तिची विश्वसनीयता आधीच तपासलेली आहे. माझी मी केली तर ती सिद्ध करत बसावं लागेल.’’

तिची अडचण खोटी नाही. नवखा माणूस तयार अवजार घेतो. मुद्दा असा आहे की अवजार बाहेरचं घेतल्यावर निदान काम तरी इथलं असावं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले यशवंत दामले यांनी हे सत्तर वर्षांपूर्वी करून दाखवलं. पुण्यापासून कमी-जास्त अंतरावरची सात खेडी घेऊन शहरातल्या नव्या कल्पना तिथं कशा पोचतात, हे त्यांनी तपासलं. १९५६ सालीच तो निबंध अमेरिकेतल्या लोकमताच्या नामांकित त्रैमासिकात आला. शहर किती जवळ यावरच सगळं ठरत नाही, गावाची घडण कशी आणि त्यात कुणाची ऊठबस कुणाकडे, यावरही ठरतं, हा त्यांचा मुद्दा होता. अंतर मैलांत मोजता येतं, ऊठबस मोजायला गावात बसावं लागतं.

असं गावात बसलेल्या माणसांची दोन उदाहरणं सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतच आहेत आणि दोघीही अमेरिकेतून पीएच.डी.साठी आलेल्या. मॅक्सीन बर्नसन साठच्या दशकात फलटणला आल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या प्रबंधासाठी त्यांना मराठीतले बोलण्याचे भेद अभ्यासायचे होते आणि त्यांनी निवडली ती फलटण गावातली बोली. एकाच गावात, एकाच बाजारात हिंडणारी माणसं वेगवेगळी का बोलतात, त्या बोलण्याचा जातीशी आणि शिक्षणाशी काय संबंध, हे त्यांनी घराघरांत बसून टिपलं. १९७३ साली डॉक्टरेट मिळाली. एरवी अशा वेळी माणूस पेट्या बांधतो. त्या फलटणलाच राहिल्या, १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या आणि प्रबंधातला प्रश्न त्यांनी शाळेत नेला. ज्या मुलाची घरातली बोली पुस्तकात नाही, ते मूल वाचायला कसं शिकतं? प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ सालचं कमला निंबकर बालभवन हे त्या प्रश्नावरचं काम. परदेशी लोकांना मराठी शिकवण्याची पुस्तकं त्यांनी जाई निंबकरांबरोबर लिहिली. जाई निंबकर कादंबरीकार, फलटणच्या सूनबाई आणि इरावती कर्व्यांच्या कन्या. इरावतीबाईंनी यशवंत दामल्यांबरोबर खेड्यातल्या गटसंबंधांवर पुस्तक केलं होतं. या भागातल्या संशोधनाचं गणगोत असं एकात एक गुंतलेलं आहे.

दुसऱ्या गेल ऑम्व्हेट. जन्म १९४१, मिनियापोलिस. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी १८७३ ते १९३० या काळातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहिला आणि तोही १९७३ सालचाच. समाजशास्त्राचा प्रबंध म्हणून तो ओळखला जातो. मी तो माध्यमांचा प्रबंध म्हणूनही वाचतो. सत्यशोधकांचे विचार खेड्यापर्यंत गेले कसे, हा प्रश्न त्यात जागोजाग आहे. मुकुंदराव पाटलांचा ‘दीनमित्र’ नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून निघत होता. वर्गणीदार किती असणार? पण पत्र एकानं वाचायचं आणि दहांनी ऐकायचं, अशी तेव्हाची रीत. आणि जिथं पत्र पोचत नव्हतं तिथं सत्यशोधक जलसा पोचत होता. तमाशाचा घाट, गण-गवळणीची ओळखीची चौकट आणि आत सावकार-भटजींची हजेरी. १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात कुळांनी उठाव केला, त्याच्या मागं हे जलसे होते. ओहायोतल्या पाहणीच्या वीस वर्षं आधी साताऱ्यातल्या कार्यकर्त्यांना माध्यम आणि माणूस यांच्यातलं नातं बरोबर उमगलेलं होतं, फक्त त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला नाही.

गेलबाई कासेगावच्या झाल्या. भारत पाटणकरांशी लग्न, १९८३ साली भारताचं नागरिकत्व, सासू इंदुताई पाटणकर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातल्या कार्यकर्त्या. प्रतिसरकारावरचा त्यांचा दीर्घ निबंध १९८८ साली आला. त्यातलं कितीतरी त्यांना दप्तरखान्यापेक्षा कासेगावच्या घरात आणि वाळवा तालुक्यातल्या गावांत ऐकायला मिळालं असेल. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्या गेल्या.

या दोघींचं कौतुक करताना एक धोका असतो. गोऱ्या बाईनं केलं म्हणून आपल्याला दिसलं, असं म्हणून मोकळं होता येतं. त्यांच्याकडे विद्यापीठांचं पाठबळ होतं, वेळ होता, हे खरंच. माझ्या मते त्यांचं वेगळेपण दुसरीकडे आहे. आल्या तेव्हाचा प्रश्न त्यांनी गावाला बदलू दिला. आमचा विद्यार्थी सिनॉप्सिस मंजूर झाला की प्रश्नाला हात लावायला घाबरतो. त्याचा दोष नाही, समितीपुढं शीर्षकातला एक शब्द बदलायचा तरी किती अर्ज करावे लागतात ते त्यालाच ठाऊक.

विषयांचा तोटा तर मुळीच नाही. पलूस तालुक्यात कुंडल आणि किर्लोस्करवाडी अगदी शेजारी आहेत. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर नांगराचा कारखाना काढला. तिथून १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याचं घरगुती पत्रक ते. त्याचंच पुढं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ आलं, १९३४ साली ‘मनोहर’. मराठी मध्यमवर्गानं काय वाचावं, कसं राहावं, सुनेनं सासूशी आणि नवऱ्याशी कसं बोलावं, हे तीन-चार दशकं कुंडल रोड स्टेशनाजवळच्या एका माळावर छापून निघत होतं आणि आगगाडीनं गावोगाव जात होतं. पुण्या-मुंबईला मासिकं निघतात आणि खेडी वाचतात, हा आपला पक्का समज. इथं गाडी उलटी धावत होती.

आणि हाकेच्या अंतरावर कुंडल. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार १९४३ पासून १९४६ पर्यंत या भागात चाललं. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता, सगळा सातारा एक. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली नाव पडलं. जी. डी. बापू लाड कुंडलचे, नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे. छापखाना नाही, रेडिओ नाही, पोलीस मागावर, पत्रक खिशात सापडलं तर तुरुंग. अशा वेळी न्यायदान मंडळाचा निकाल दहा गावांना एकाच अर्थानं कसा कळत होता? प्रतिसरकारच्या तुफान सेनेचा निरोप नेणारा माणूस खरा की पोलिसांचा, हे कसं ओळखायचे? शाहीर शंकरराव निकमांचा पोवाडा ऐकायला जमलेल्या गर्दीत बातमी कुठून शिरायची आणि अफवा कुठून? राजकीय इतिहास बराच लिहून झालाय. निरोपांचा इतिहास मात्र म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी राहिला आणि ती माणसं गेली. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई २०२१ साली गेल्या, तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ म्हणजे रामचंद्र लाड २०२२ साली. पत्रकार पी. साईनाथ त्यांच्यापर्यंत वेळेत पोचले म्हणून त्यांचं सांगणं निदान काही छापून आलं. आमच्या तीन जिल्ह्यांच्या विद्यापीठातून टेपरेकॉर्डर घेऊन तीस वर्षांपूर्वी निघायला कुणाची हरकत होती?

आता चालू काळातलं बघायचं तर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चला. माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र तिथं २००८ पासून ९०.४ मेगाहर्ट्झवर चालू आहे, चेतना सिन्हांच्या माणदेशी संस्थेचं. सांगली जिल्ह्यात जतच्या जालिहाळला येरळावाणी आहे. जत म्हणजे मराठी-कन्नड दोन्ही बोलणारा मुलूख. सांगलीचं आकाशवाणी केंद्र तर १९६३ पासूनचं. नॉयराट ज्या जिल्ह्यात चर्चामंडळं मोजून गेले तिथंच आता बायका स्वतः माइकसमोर बसतात. त्यांच्या प्रयोगात पुणे बोलायचं आणि गाव ऐकायचं, गावाला बोलायला अर्ध्या तासानंतरची चर्चा होती. आता बोलणारी शेजारच्या गल्लीतली आहे. ओळखीच्या आवाजावर विश्वास जास्त बसतो की कमी? ‘ती काय सांगणार, कालपर्यंत आमच्यात खुरपायला होती’ असं म्हणणारे किती? १९५६ ची मांडणी जशीच्या तशी घेऊन हे तपासता येईल. तुलनेला इतका भक्कम आधार असलेला विषय जगात फार ठिकाणी मिळणार नाही.

त्या मुलीला मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘मला पुराचं करायचंय खरं तर.’’

तिचं घर सांगलीत, कृष्णेकाठच्या सखल भागात. सांगलीकरांचा पूर आयर्विन पुलावर मोजला जातो. १९२९ सालचा हा पूल, त्याच्या खांबावर फुटांच्या खुणा. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. पावसाळ्यात या शहरात माणूस माणसाला भेटला की ‘किती फूट?’ एवढंच विचारतो. कोयनेतून इतके क्युसेक सोडले, अलमट्टीतून इतके, हे सरकारी आकडे रेडिओवर, फोनवर, टीव्हीवर येत राहतात. क्युसेकचं घरात काही करता येत नाही. फुटांचं करता येतं. सूर्यवंशी प्लॉटमध्ये कितीला पाणी येतं, दत्तनगरला कितीला, काकानगरला कितीला, हे तिथल्या माणसांना तोंडपाठ. आपल्या घराचा फूट प्रत्येकाला माहीत असतो. फ्रीज कधी उचलून वर ठेवायचा, म्हातारीला पाहुण्यांकडे कधी पोचवायचं, हे त्या आकड्यावर ठरतं.

आणि २०१९ ला हा आकडाच लोकांना नडला. २००५ च्या पुराची रेघ घरोघरी भिंतीवर होती. त्याच्या वर येत नाही, असं म्हणून कितीतरी घरं बसून राहिली. इशारा पोचला नव्हता असं नाही. तो पोचला, समजला आणि जुन्या रेघेपुढं खोटा ठरवला गेला. पाठ्यपुस्तकात संदेश पोचला की संज्ञापन पूर्ण होतं, फार तर प्रतिसादाचा एक बाण उलटा काढलेला असतो. भिंतीवरच्या चौदा वर्षं जुन्या रेघेला त्या आकृतीत जागा कुठं द्यायची, हा प्रश्न खरा सैद्धान्तिक आहे आणि तो सांगलीतल्या माणसालाच पडू शकतो. २०२१ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा तीच माणसं लवकर हलली. ती कुणाच्या सांगण्यावरून हलली, प्रशासनाच्या, नातलगांच्या, की भिंतीवरच्या नव्या रेघेच्या?

तिनं विषय बदलायचा अर्ज केला. समितीनं विचारायचं ते विचारलं. स्वतंत्र चल कोणतं, आश्रित चल कोणतं, नमुना किती जणांचा, गृहीतकं किती. एका सदस्यांनी विचारलं म्हणे, की फूट हे तुम्ही संज्ञापनात कसं बसवणार, ते तर पाटबंधारे खात्याचं. सुदैवानं तिच्या गाईडांनी किल्ला लढवला. प्रश्नावली राहिली, पण तीन पानांची झाली आणि सविस्तर मुलाखती वाढल्या. ‘आपणाकडे स्मार्टफोन आहे का’च्या जागी ‘पुराची बातमी तुम्हांला कुणी सांगितली, त्याला कुणी सांगितली’ असा प्रश्न आला आणि पुढं चार ओळी कोऱ्या. विषय मंजूर झाला. शीर्षकाच्या शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ घाला, असं समितीनं सुचवलं. तिनं घातलं.

पहिली मुलाखत तिनं आपल्याच गल्लीच्या तोंडाशी पानपट्टी चालवणाऱ्या काकांची घेतली. मी बाजूला उभा होतो. तिनं विचारलं, ‘‘काका, आयर्विनला किती फूट झालं हे तुम्हाला कळतं कसं?’’

‘‘ग्रुपवर येतंय की.’’

‘‘ग्रुपवर कोण टाकतं?’’

काकांनी चुना मळता मळता विचार केला. ‘‘पलीकडच्या प्लॉटातला एक पोरगा हाय. पाऊस लागला की गाडी घिऊन रात्रीचा सुदिक पुलावर जातोय, बॅटरी मारून आकडा बघतोय. कलेक्टर हापिसाचा आकडा बी येतोय, पर आमी त्याच्यावरच धरतो. तुला काय इचारायचं आसंल ते त्याला इचार. आन् त्याला सांग, गेल्या येळी सहा इंच जास्त टाकलंतास म्हणून माझी टपरी दोनदा हलवाय लागली.’’

तिनं कोऱ्या ओळींवर हे लिहून घेतलं आणि पोराच्या घराचा पत्ता विचारला.